विम्यातल्या नव्या पोरांना आधी काय शिकवायचं: पॉलिसी विकणं की क्लेम?

चोपडेकर
मी एका विमा कंपनीच्या शाखेत नऊ वर्षं क्लेमच्या टेबलावर आहे. गेल्या महिन्यात एक ताई नवऱ्याचा डेथ क्लेम घेऊन आल्या. पॉलिसी दीड वर्षाची. तीन वर्षांच्या आतली, म्हणजे चौकशी होणारच. प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेला अर्ज, काढला, तर मधुमेहासमोर 'नाही'. आणि ताईंच्या पिशवीत शुगरच्या गोळ्यांची पाकिटं. फॉर्म कोणी भरला विचारलं, तर म्हणाल्या, "माले काय समजस भाऊ."

भरणाऱ्या पोराचं ट्रेनिंग तीन दिवसांचं. अडीच दिवस गिऱ्हाईक कसं वळवायचं ते, फॉर्मला शेवटचा अर्धा तास. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा फ्री लूक असतो, म्हणजे वाचून पटली नाही तर परत करायची मुदत, तेव्हाच कोणी फॉर्म वाचून दाखवला असता तर चूक सापडली असती.

माझं म्हणणं, नव्या माणसाने पहिला महिना क्लेमच्या टेबलावर बसावं. तोवर विक्री बंद.

धुळ्याचा ब्रँच मॅनेजर
साफ असहमत. महिनाभर बिनधंद्याचा पगार कोण देणार? शिकवून तयार केलेला पोरगा दिवाळीच्या आत दुसरीकडे जातो, हे मी दरवर्षी बघतो. मोबाइलवरच्या कोर्सला नावं ठेवतात, पण त्यामुळे शिरपूर-साक्रीच्या पोरांची खेप वाचते. आणि 'नाही' लिहिणाऱ्याला सगळं कळत असतं. ही दानत झाली, ट्रेनिंग तिथे काय करणार?

चोपडेकर
साहेब, मी त्या पोराला फोन केला होता. म्हणाला, "गोळी चालू होती, शुगर नॉर्मल होती, म्हणून 'नाही' लिहिलं." त्याला खरंच तसं वाटत होतं. गोळी चालू म्हणजे आजार आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. याला दानत कशी म्हणू?

रावेरचा केळीवाला
आमच्याकडे पीकविम्यातही हेच. केळीचा विमा हवामानावर आधारित. थंडीची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. तरी मदतकेंद्रावरचा मुलगा सांगत होता, "पानांचे फोटो काढून ठेवा, पंचनामा होईल." आम्ही पंधरा दिवस वाट बघितली. त्याची चीड नाही आली, कीव आली. त्याला विचारायला वर कोणी नव्हतंच.

धडगावकर
आमच्याकडची पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या माणसाला मराठी फॉर्मही परकाच. स्लाइड मराठीत केल्या म्हणजे भागलं असं कोणी समजू नये. गावातलाच माणूस नेमा, मग शिकवा.

धुळ्याचा ब्रँच मॅनेजर
गोळीची गोष्ट वाचून थांबलो. आमच्याही कोर्सात हा प्रश्न नाही, आत्ताच उघडून बघितलं. तरी महिना जमणार नाही. आठवडा देतो, नाकारलेल्या दहा जुन्या फायली समोर ठेवून.

चोपडेकर
आठवडा चालेल, पण मार्चमध्ये नको. मार्चमध्ये आमच्या टेबलावरची माणसंसुद्धा विक्रीला पाठवतात, त्या पोरांना शिकवायला कोणी नसतं. आणि दहात एक फाइल मधुमेहाची ठेवाच.