मदत हवी आहे : बुद्धिबळात तीन महिने आहे तिथेच अडकलोय

फोंडेकर३४
नमस्कार मंडळी. तीन महिने झाले, इंचभर पुढे सरकलेलो नाही. रोज खेळतो, रोज व्हिडिओ बघतो. रेटिंग अकराशेच्या वर जातं आणि दोन दिवसांत परत खाली येतं. गेल्या महिन्यात तालुक्यातल्या एका स्पर्धेत सहा फेऱ्यांत मिळून दीड गुण मिळाला. तिसऱ्या फेरीत समोर नऊ वर्षांची मुलगी होती. तिनं हात मिळवला आणि वीस मिनिटांत डाव संपवला. त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी परत स्पर्धा आहे. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, बदलू का? लंडन घेऊ की इटालियनच ठेवू? कृपया लवकर सांगा.

बार्देशकर
अकराशे म्हणजे कुठलं? फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, नसणार, मार्च २०२४ पासून त्यांचं रेटिंग १४०० पासूनच सुरू होतं. मग ऑनलाइन खेळायच्या साइटचं असेल, चेस डॉट कॉम की लीचेस? लीचेस नवीन माणसाला १५०० वर बसवतं आणि तिथून खालीवर करतं, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे एका मापाचे नाहीत. शिवाय डाव किती मिनिटांचा? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

मांडवीकाठ
लंडन घ्या. प्यादं डी४ घरात, उंट एफ४, मग प्यादी ई३, सी३. समोरच्यानं काहीही केलं तरी बहुतेक वेळा याच चाली. पाठ करायला एक आठवडा पुरतो. मी लंडन घेतल्यावर दोन महिन्यांत दीडशेनं वर गेलो. तुमच्या रविवारसाठी हेच बरं.

सुलभा_डिचोली
मुलाचं वय किती आहे? सहा-सात असेल तर आत्ताच क्लासला घाला. लिऑन मेंडोसा गोव्याचाच, २०२० मध्ये महामारीत तो आणि वडील युरोपात अडकून पडले, तिथेच स्पर्धा खेळत राहिला आणि चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टरचे निकष पूर्ण केले. लहानपणी लागलेली गोडी वेगळीच असते. माझी मुलगीही दर शनिवारी जाते.

फोंडेकर३४
सुलभाताई, मुलगा नाही, मीच खेळतो. वय ३४. नोव्हेंबर २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक आपल्या गोव्यात झाला तेव्हा बातम्या वाचून नाद लागला. त्याआधी सोंगट्या कशा चालतात एवढंच माहीत होतं.
बार्देशकर, लीचेसवर. तीन मिनिटांचे डाव. फोंडा-पणजी कदंब बसमध्ये जाता-येता खेळतो, रात्री झोपताना थोडे. ओपनिंगचं कुणी सांगेल का?

बार्देशकर
थोडे म्हणजे किती?

फोंडेकर३४
हरलो की एक जिंकेपर्यंत खेळतो. काल बावीस झाले. त्यात वीज गेली, वायफाय बंद पडलं आणि जिंकत आलेला एक डावही गेला.

नीलिमा_मडगाव
दादा, बावीस डावांतला एक तरी नंतर परत बघितलात का? मी चाळिशीत शिकले आणि अगदी याच खड्ड्यात वर्षभर होते. हरल्यावर छातीत धडधड व्हायची आणि बोट आपोआप ‘नवा डाव’ वर जायचं. त्या अवस्थेत खेळलेला डाव डाव नसतो, समोरच्यावर काढलेला राग असतो. मी एक नियम केला : लागोपाठ दोन हरले की फोन स्वयंपाकघरात, चार्जरला. पहिले आठ दिवस फार जड गेले. मग रात्री झोप लागायला लागली आणि खेळही सुधारला. तीन मिनिटांत तुम्हाला जे आधीच येतं तेवढंच हात करतो. नवीन काही शिकायला डोक्याला वेळ लागतो. पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा, असा दिवसाला एकच डाव खेळा.

मांडवीकाठ
नोकरी करणाऱ्या माणसाला तेवढा निवांत वेळ कुठून मिळणार? ओपनिंग पक्कं असेल तर तीन मिनिटंही पुरतात. मुळात सुरुवातच चुकत असेल तर सावकाश खेळून काय होणार?

नीलिमा_मडगाव
बावीस गुणिले सहा मिनिटं करून बघा. वेळ त्यांच्याकडे आहे.

आपा_साखळी
आमच्या लहानपणी देशी पद्धतीनं खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. राजाला शह बसलेला नसेल तर आयुष्यात एकदा घोड्याची उडी, किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) वगैरे काही नाही. डाव हळूहळू फुलायचा. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली पट मांडला की आरतीपर्यंत एकच डाव चालायचा, भोवती दहा माणसं. चाल करण्याआधी वडील विचारायचे, “त्यानं हे का केलं रे?” उत्तर देता आलं नाही तर सोंगटीला हात लावू द्यायचे नाहीत. फोंडेकर, तुम्ही लाकडी पट घ्या. पडद्यावर वरून दिसतं, पटावर समोरून दिसतं, स्पर्धेत नजर गोंधळते ती त्यामुळेच.

बार्देशकर
आपांशी सहमत, पटाबद्दल तर नक्कीच. फोंडेकर, हरलेले दोन डाव इथे टाका. डाव बघितल्याशिवाय आपण सगळेच अंदाजानं औषध देतोय.

फोंडेकर३४
मनाला सर्वांत लागलेले दोन टाकतो.
पहिला, मी पांढरा. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४. इथे समोरच्यानं घोडा सरळ डी४ वर आणून ठेवला. त्याचं ई५ चं प्यादं फुकट दिसलं, मी घोड्यानं मारलं. त्यानं वजीर जी५ वर आणला. मी घोड्यानं एफ७ चं प्यादं मारलं, आता वजीर किंवा हत्ती यांच्यातलं एक मिळणार म्हणून खूश झालो. त्यानं वजिरानं जी२ मारलं, मी हत्ती एफ१ ला नेला. वजिरानं ई४ मारून शह. मी उंट ई२ ला मध्ये घातला. घोडा एफ३, मात. सात चालींत.
दुसरा, त्या स्पर्धेतला, पाचवी फेरी. माझ्याकडे राजा आणि वजीर, त्याच्याकडे नुसता राजा. माझा वजीर ई६ वर, त्याचा राजा जी७ वरून एच८ ला गेला. मी वजीर एफ७ ला नेला. त्यानं पंचांना बोलावलं. स्टेलमेट, म्हणजे राजाला शह नाही पण चालायला घरही नाही, डाव बरोबरीत, अर्धा गुण. पंच निघून गेल्यावर मी दहा मिनिटं तसाच बसून होतो.

मांडवीकाठ
पहिला डाव बघा! मी काय म्हणत होतो? लंडनमध्ये हे होतच नाही.

बार्देशकर
हे होणार नाही, दुसरं काही होईल. फोंडेकर, हा जुना आणि प्रसिद्ध सापळा आहे, यात अडकलेले तुम्ही एकटे नाही. इटालियन सोडायची काहीच गरज नाही. घोडा डी४ वर आला की त्याला तुमच्या घोड्यानं मारा, तो प्याद्यानं परत मारेल, मग किल्लेकोट करा. तुमचा डाव चांगला आहे. खरी चूक कुठे, ते तुमच्याच वाक्यात आहे : “फुकट दिसलं, मी मारलं.” पुढच्या चालीलाही तेच, वजीर जी५ वर आल्यावर तो जी२ कडे बघतोय हे बघण्याआधी तुमचा हात एफ७ कडे गेला. आपांच्या वडिलांचा प्रश्न इथे दोनदा विचारायला हवा होता.
शेवटच्या चित्राकडे पाच मिनिटं बघा. ई४ वरच्या वजिरामुळे ई२ चा उंट बांधलेला आहे, तो हलला तर राजा उघडा पडतो, म्हणून एफ३ चा घोडा त्याला मारता येत नाही. आणि राजाभोवतीची सगळी घरं आपल्याच सोंगट्यांनी भरलेली आहेत. बांधलेली सोंगटी ओळखता येणं ही गोष्ट शंभर डावांत पुन्हा पुन्हा कामाला येईल. लीचेसवरची कोडी मोफत आहेत आणि हवी तेवढी सोडवता येतात. कदंबात डावांऐवजी ती सोडवा, पण पूर्ण उत्तर दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही.

नीलिमा_मडगाव
दुसऱ्या डावाचं मी सांगते, कारण मीही तसाच अर्धा गुण घालवलाय. वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीइतका लांब ठेवून त्याला कडेला ढकलायचं, हे तुम्ही बरोबर शिकलात. फक्त राजा कोपऱ्यात शिरला की तिथे थांबायचं असतं. तुम्ही सवयीनं पाठलाग केलात. एफ७ ऐवजी वजीर ई७ वर ठेवला असता तर तो राजा जी८ आणि एच८ एवढ्याच दोन घरांत येरझाऱ्या घालत बसला असता. आता वजीर हलवायचाच नाही, आपला राजा निवांत चालवत जी६ वर आणायचा आणि मग वजीर जी७ वर, मात. आज रात्री हे पटावर दहा वेळा करा. ज्या डावात राजा-वजीर उरले तिथवर तुम्ही त्याला हरवलेलंच होतं, हेही लक्षात ठेवा.

सुलभा_डिचोली
माझी मुलगी म्हणते काकांना सांग, चाल करेपर्यंत दोन्ही हातांवर बसायचं. तिच्या सरांनी शिकवलंय. ती नऊचीच आहे हो, त्या मुलीचं वाईट वाटून घेऊ नका. तीन-चार वर्षं रोज मेहनत करतात ही पोरं.

बार्देशकर
आणि हरण्याचं म्हणाल, तर गुकेश जगज्जेता म्हणून त्या विश्वचषकाला आला होता आणि तिसऱ्या फेरीत बाहेर पडला.

फोंडेकर३४
काल रात्री पट मांडला. चवथीच्या सामानाच्या पेटीत वडिलांचा जुना लाकडी पट मिळाला, एक काळा उंट हरवलाय, त्याच्या जागी सुपारी ठेवली. ई७ वाली मात सहाव्या खेपेला न अडखळता जमली. बांधलेल्या उंटाचं चित्र आधी कळलं नाही, मग बायकोनं ई२ वर बोट ठेवून विचारलं, “हा का हलत नाही?” तेव्हा दिसलं. तीन मिनिटांचे डाव फोनवरून बंद केलेत. आज बसमध्ये चौदा कोडी सोडवली, पाच चुकली, त्यातल्या चारांत समोरच्याची चाल बघितलीच नव्हती.
एकच अडचण आहे, पंधरा मिनिटांचा डाव समोरासमोर खेळायला माणूस नाही.

आपा_साखळी
शनिवारी संध्याकाळी चारनंतर मी मोकळा असतो. फोंड्यात मुलीकडेच उतरलोय सध्या. सुपारी राहू द्या, माझ्याकडे जादा उंट आहे, घेऊन येतो.