आठवा-नववा महिना : बाळ येण्याआधी तुम्ही काय तयारी केलीत? (अनुभव धागा)

तलावपाळी
काल भाचीचा फोन आला. घोडबंदर रोडला राहते, चौतिसावा आठवडा चालू आहे. सासूबाई लातूरला, आणि माझ्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे ती इतक्यात येऊ शकत नाही. म्हणाली, "मावशी, मोबाइलवर याद्याच याद्या आहेत गं. खरंच काय लागतं ते तू सांग."

सांगता सांगता माझं २००३ सालचं सगळं आठवलं. नौपाड्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईने जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली होती, नव्या कापडाला हात लावू दिला नाही. कडा बाहेरच्या बाजूला, बाळाच्या अंगाला शिवण लागायला नको म्हणून. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आठव्या महिन्यातच बजावलं होतं, "रात्री कितीही वाजता दार वाजव." आणि वाजवलंच. माझा नवरा तेव्हा शिफ्टवर होता. काकू, त्यांचा मुलगा आणि कोपऱ्यावरचे रिक्षावाले दादा, तिघांनी मिळून मला दवाखान्यात पोचवलं.

म्हणून भाचीला पहिलं हेच विचारलं की रात्री दोन वाजता तू कुणाला उठवणार आहेस? ती गप्प. सामान एका रविवारी जांभळी नाक्यावर जाऊन आणता येतं. माणसं आधीपासून सांगून ठेवावी लागतात. नवीन टॉवरमध्ये शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं तेसुद्धा माहीत नसतं.

तुमचं लिहा. ठाणे-नवी मुंबईचं लिहिलंत तर तिला जास्त उपयोग होईल. ती वाचणार आहे.

निशिगंध
फाइल आधी! सोनोग्राफी, रक्तगट, रक्ताचे सगळे रिपोर्ट, दोघांचं आधार, मेडिक्लेमचं कार्ड. एका फोल्डरमध्ये, सगळ्यात नवा कागद वर. सगळ्याचे फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये पण हवेत.
बॅगेत पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, मोजे (एसीत पाय गारठतात), लांब वायरचा चार्जर, स्वतःची पाण्याची बाटली. बाळाची पिशवी वेगळी ठेवा आणि नवऱ्याकडून भरून घ्या. नाहीतर इकडे कळा येत असतात आणि तिकडून विचारणा, टोपडं कुठे ठेवलंय?

ऐरोलीकर
निशिगंध, शेवटचं वाक्य माझ्या बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं 😄

बाबांच्या बाजूने लिहितो. घोडबंदरला राहत असाल तर रात्र म्हणजे रस्ता मोकळा असं धरू नका. रात्री ट्रक-कंटेनर सुटतात, गायमुखच्या बाजूला रांग लागली की अँब्युलन्ससुद्धा अडकते. मी आणि बायकोने एकदा रात्री उशिरा दवाखान्यापर्यंत गाडी नेऊन बघितली. तेव्हा कळलं की रात्री मेन गेट बंद असतं, मागच्या बाजूने कॅज्युअल्टीतून आत जायचं असतं. दिवसाच्या सगळ्या तपासण्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं. लिफ्ट रात्री चालू असते का, वॉचमनला सांगून ठेवलंय का, गाडीत पेट्रोल आहे का, मागच्या सीटवर रबरी कापड आणि जुनी चादर आहे का, एवढं बघा. १०८ तर आहेच, गरोदर बायकांसाठी १०२ पण आहे. दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू देत.

घणसोलीची
मी आठवा लागेपर्यंत ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला जात होते. लेडीज डब्यात सकाळी चढायचं म्हणजे पोटावर हात धरून. मग एका बाईंनी सांगितलं, गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. फाइल जवळ ठेवायची, कुणी विचारलं तर दाखवायला. तेवढे महिने सुसह्य झाले. कुणी अजून नोकरीला जात असेल तर नक्की वापरा, संकोच करू नका.

रजेबद्दल: २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे आहेत, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या तारखेच्या आधी घेता येतात. आधी कमी घेतले तर बाळाबरोबर तेवढे जास्त मिळतात, म्हणून मी जमेल तेवढं रेटलं. पण पाय सुजत असतील, बीपी वर जात असेल तर असला हिशोब करू नये. आता उठायची वेळ झाली, उरलेलं नंतर लिहिते.

शेवंती
माझा जुलैतला मुलगा. कोपरीला तळमजल्यावर राहायचो, भिंतींना ओल, ऊन नाही की वारा नाही. लंगोट वाळायचेच नाहीत. सासूबाईंनी शेगडीवर बांबूची दुरडी पालथी घालून त्यावर कपडे पसरायचे, धूर अजिबात नाही, नुसता निखारा. दार उघडं ठेवून. ओलसर लंगोट बाळाला घातला की लगेच लाल चट्टे. आता ड्रायर आहेत, डायपर आहेत, तरी पावसाळ्यात तारीख असेल तर सुती कपडे दुप्पट काढून ठेवा आणि इस्त्री फिरवून मगच घाला.
कुंची मात्र आवर्जून शिवा. पावसाळी वाऱ्यात कान झाकले जातात, आणि बाळ इतकं गोड दिसतं.

पाम बीच
कुंची!! शेवंतीताई, फोटो टाका ना. माझ्या सासरी बाळंतविड्यात आली होती, खणाची. अजून जपून ठेवलीय.

कळव्याची मी
आमच्याकडे बाळ व्हायच्या आधी काही आणत नाहीत. पहिल्या वेळी मी ते मानलं नव्हतं. पाळणा, कपडे, भिंतीवर चित्रं, सगळं करून ठेवलं होतं. आठव्या महिन्यात बाळ गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा ती खोली तशीच होती.

दुसऱ्या वेळी एक टाचणी आणली नाही. आणावीशीच वाटली नाही. बहीण काही बोलली नाही, पण तिने स्वतःच्या घरी एक पिशवी भरून ठेवली होती. धुतलेली झबली, दुपटी, कापूस, सगळं. मला मुलगी झाल्यावर त्याच संध्याकाळी घेऊन आली. मी तेव्हा विचारलं, कधी केलंस हे? म्हणाली, तुला सहावा लागला तेव्हाच.

ज्यांच्या घरी कुणी अशातून गेलं असेल त्यांनी हे करा. तिला दुकानात नेऊ नका, "आता काही होत नाही गं" असं म्हणू नका. तुम्ही तुमच्या घरी तयारी ठेवा.

आणि बाळाची हालचाल. रोज ठरावीक वेळी जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यायचं. कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही. लोक काय म्हणतील, डॉक्टर उगाच आली म्हणतील, काही मनात आणायचं नाही. सरळ जायचं.

तलावपाळी
कळव्याची मी, काय लिहू. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

निशिगंध
❤️ लेकीला खूप आशीर्वाद.

घणसोलीची
वाचून डोळे भरले. माझ्या जावेच्या बाबतीत असंच झालंय, आता परत दिवस गेलेत. पिशवी मी भरते. आजच.

लेबर रूम
मी प्रसूती विभागात नर्स आहे. रात्रपाळी संपवून लिहितेय, चुका पोटात घाला.

हालचालीबद्दल वर लिहिलंय ते अगदी बरोबर. दोन तासांत दहा हालचाली असा साधारण आडाखा सांगतात. पण दहा भरल्या तरी तुमच्या बाळाच्या रोजच्या सवयीपेक्षा मंद वाटलं, तर तरीही यायचं. आम्हाला पट्टा लावून ठोके बघायला वेळ लागत नाही. "काही नाही, सगळं छान आहे" सांगून घरी पाठवायला आम्हाला आनंदच होतो.

पाणी गेलं तर वेळ लक्षात ठेवा, पॅड लावा, रंग बघा. हिरवट असेल तर तसंच निघा. रक्त गेलं तरी तसंच. खोट्या कळा चाललं-फिरलं, कूस बदलली की थांबतात. खऱ्या थांबत नाहीत, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं. पहिलटकरणीला साधारण पाच-पाच मिनिटांवर आल्या की निघा. घर लांब असेल तर त्याआधी. सदतीस आठवड्यांच्या आधी नियमित कळा आल्या तर मात्र अंतर मोजत बसू नका. डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, चेहरा सुजलाय, तरी लगेच.

आजी मंडळींना हात जोडून विनंती. पहिलं पिवळसर चिकाचं दूध पिळून टाकू नका, तेच पाजायचं, जमलं तर पहिल्या तासात. मध, घुटी, साखरपाणी नको, सहा महिने फक्त आईचं दूध. काजळ डोळ्यात नको. दृष्ट लागेल वाटत असेल तर तळपायाला तीट लावा, मी स्वतः लावून देईन. नाळेला तेल-हळद काही नाही, कोरडी ठेवायची, आपोआप गळून पडते. हे सगळं बाळ आल्यावर सांगितलं की बाळंतिणीसमोर भांडणं होतात. म्हणून आठव्या महिन्याच्या तपासणीला आजीलाच बरोबर आणा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं.

घरी सोडायच्या आधी बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि हिपॅटायटिस बी दिलंय का ते कार्डावर बघून घ्या.

ऐरोलीकर
लेबर रूम, शतशः धन्यवाद. आजीला तपासणीला न्यायची युक्ती भारी आहे.
जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, दवाखाना पाठवतो तरी आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग फॉर्म भरतानाच तपासा. बारसं व्हायचं असलं तरी नोंद थांबत नाही, नाव नंतर घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, लायसन्स, सगळीकडे हाच दाखला लागणार आहे.

जास्वंद
मी नेरुळची. माझी दोन्ही बाळंतपणं महापालिकेच्या मीनाताई ठाकरे रुग्णालयात झाली. रांग असते, खोटं कशाला बोलू, पण दुसऱ्या वेळी बाळ पायाळू होतं, सिझर करावं लागलं आणि मॅडम रात्रभर तिथेच होत्या. सरकारी दवाखान्यात सिझरसुद्धा मोफत असतं, औषधं आणि जेवणही, हे खूप जणींना माहीत नसतं. नाव लवकर नोंदवा, शेवटच्या महिन्यात धावत जाऊ नका. मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५००० रुपये आहेत, दुसरी मुलगी झाली तर ६०००. अटी आहेत, पण आशाताई किंवा अंगणवाडीत विचारलं की फॉर्म भरून देतात. मला त्या पैशांत बाळंतपणानंतरचं तूप-खारीक सुटलं.

पाम बीच
खारकेवरून आठवलं. माझं माहेर देशावरचं, डिंक-मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशेपा. आणि आता राहते बेलापूरला. शेजारच्या कोळीण मावशींनी विचारलं, मासे खातेस ना? मग दिवाळे गावच्या बाजारातून ताज्या मुडदुशा आणून, कमी तिखटाचं पातळ कालवण रोज सकाळी डब्यातून पाठवायच्या. आईला आधी कसंतरी झालं, बाळंतिणीला मासे? आठवड्याभरात तीच मावशींच्या ओट्यावर बसून कृती लिहून घेत होती. दोघी अजून फोनवर बोलतात.

जास्वंद
मुडदुशा!! माझी आई आगरी, आमच्याकडे पहिलं तेच. काटा कमी, पचायला हलकी.

शेवंती
अळीव कुणीच लिहिले नाहीत? फक्त बाळंतपणानंतर हं, पोटात बाळ असताना नाही.

निशिगंध
काकू, मला अळिवाचे लाडू कधी जमले नाहीत. चिकट गोळा होतो.

मानपाडा
मी पहिल्यांदाच लिहितेय, एरवी नुसती वाचते. तलावपाळी, तुमच्या भाचीची सोसायटी कुठे आहे? मी मानपाड्याला राहते, दोन मुलं मोठी झालीत, गाडी चालवते, रात्री उठायला काही अडचण नाही. माझ्या वेळी आई नव्हती, वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी सगळं केलं, त्या आता पुण्याला गेल्या. भाचीला माझा नंबर द्या. आधी एकदा चहाला येऊ दे, म्हणजे रात्री फोन करताना तिला परकं वाटणार नाही.

तलावपाळी
मानपाडा, व्यनि (खासगी निरोप) केलाय. ती पातलीपाड्याला आहे, तुमच्यापासून जवळच. तिला आत्ताच फोन करून सांगितलं. रविवारी सकाळी चालेल का विचारतेय. नवऱ्यालाही घेऊन येईल, म्हणजे त्यालाही घर माहीत असेल.

मानपाडा
रविवार पक्का. पोहे करते. तिला काही पथ्य आहे का? साखर वगैरे?

तलावपाळी
शुगर थोडी वर आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. पोहे थोडेच, बरोबर मटकीची उसळ असली तर उत्तम.

घणसोलीची
घणसोली-कोपरखैरणे भागात मालिशवाल्या मावशी माहीत आहेत का कुणाला? जावेसाठी हव्यात. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या, आणि हात हलका हवा.

जास्वंद
आहेत, सेक्टर पंधराला येतात. विचारून कळवते. आत्तापासून सांगून ठेवावं लागतं, त्यांच्याकडे आधीच बाळं लागलेली असतात.

शेवंती
निशिगंध, अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास तरी भिजू देत, मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर. कडेने सुटायला लागलं की लगेच उतरवायचं. फार आटवलंत तर दगड होतात.