विमानाचं वेड असलं म्हणजे पायलट व्हावं काय? धाकट्या भावासाठी विचारूलालोय

बाळेकुंद्रीचा_भाऊ
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला आहे, अभ्यासात बरा, पण डोकं सगळं विमानात. आमचं घर बेळगावच्या सांबरा विमानतळाजवळच, लहानपणापासनं डोक्यावरनं विमानं जातात आणि ह्याला नुसत्या आवाजावरनं कळतंय पंख्याचं छोटं एटीआर आलं का मोठं जेट एअरबस. जेवताना पण फोनवर फ्लाइटरडार चालू, कुठलं विमान कुठं आहे ते दाखवणारं अ‍ॅप. आता म्हणूलालाय सीईटी नको काही नको, पायलटच व्हायचं. बाबांचं म्हणणं, जमीन विकून शिकवायचं आणि उद्या वेड उतरलं तर काय करायचं? मला पण तेच विचारायचंय की वो, जे खरंच एअरलाइनमध्ये विमान उडवतात त्यांना हे वेड राहतंय काय, का मग ती पण दहा ते पाचसारखी एक नोकरीच? कोण पायलट असतील तर खरं सांगा, यूट्यूबवरचं नको.

उचगावचा_उनाड
कसलं वेड राहतंय. हवेतले बस ड्रायव्हर ते. वर गेलं की ऑटोपायलट, मग कॉफी पीत बसायचं, खाली आलं की परत बटण.

खानापूर_३२०
मी खानापूर तालुक्यातला. आधी एटीआर उडवलंय, आता एअरबस ३२० वर आहे. कंपनी विचारू नका.

उनाड भावाला आधी. बस ड्रायव्हर म्हटल्याचा राग नाही, पावसाळ्यात रात्री चोर्ला घाटातनं गाडी काढणाऱ्याशी बरोबरी केलास तर मला मानच वाटेल. पण ऑटोपायलटचं तुझं चुकतंय. टेकऑफ आमचा हातानंच, लँडिंग पण बहुतेक वेळा हातानंच. आपोआप उतरायचं म्हटलं तर रनवेवर तशी यंत्रणा पाहिजे, विमान आणि क्रू दोघांना त्याची परवानगी पाहिजे, आणि ते मुख्यतः दिल्लीसारख्या ठिकाणच्या धुक्यासाठी. मधल्या वेळात ऑटोपायलट सांगितलेलं ऐकतो एवढंच. समोर ढग दिसला तर कुठल्या बाजूनं वळायचं, किती आधी वळायचं, वळून गेलो तर इंधन किती उरेल, हे त्याला आम्हीच सांगायचं. एक जण उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो आणि रेडिओ बघतो, पुढच्या सेक्टरला, म्हणजे पुढच्या उड्डाणाला, अदलाबदल.

आता मूळ प्रश्न. वेड राहतं, पण ते दुसऱ्याच गोष्टीवर जाऊन बसतं. सुरुवातीला मला पण विमानाचा आकार, इंजिनचा आवाज, शेपटीवरचा रंग ह्यातच सगळं वाटायचं. आता विमान छान दिसतं का हे आठवणीत पण येत नाही. आता मजा वाटते ती हवामान वाचण्यात. जून-जुलैत घाटावर ढग बसलेले असतात, सांबऱ्याला पाऊस चालू, अशा वेळी निघायच्या आधी बसून ठरवायचं की नाहीच उतरता आलं तर गोवा का हुबळी का परत बेंगळूर, आणि तिथंपर्यंतचं इंधन, वर अर्ध्या तासाचं राखीव, ते घेतलं की वजन वाढतं, वजन वाढलं की रनवे जास्त लागतो. सांबऱ्याचा रनवे २३०० मीटरचा आणि जमीनच जवळजवळ अडीच हजार फूट उंच, म्हणजे हवा थोडी विरळ. हे गणित जुळलं की जे समाधान आहे ते फोटोत येत नाही. तुझ्या भावाला असल्या गोष्टीत रस आहे काय ते बघ. नुसतं कुठलं विमान किती वाजता आलं एवढ्यातच असेल तर तो छंद म्हणून उत्तम आहे, त्यासाठी जमीन विकायला नको.

आणि एक खरं सांगू, विमानवेड्यांच्या एका गोष्टीनं माझं डोकं उठतं, ती म्हणजे बटर लँडिंग. मऊ टेकलं की टाळ्या, जरा दणका बसला की पायलट नवीन होता म्हणून व्हिडिओ. अरे ओल्या रनवेवर मुद्दाम घट्ट टेकवायचं असतं! पाण्याच्या थरावर चाक घसरत राहिलं तर ब्रेक धरणार कुठनं? चाक नीट टेकलं की पंखावरच्या फळ्या उघडतात, मग वजन चाकावर येतं आणि मग ब्रेक लागतो. उतरताना एअरबस सेकंदाला साठ-सत्तर मीटर धावत असते, लोकांना मऊ वाटावं म्हणून तीन-चार सेकंद तरंगत बसलो तर दोन-अडीचशे मीटर रनवे मागं गेला, आणि तो परत मिळत नाही. आमच्यात चांगलं लँडिंग म्हणजे ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेगानं, मधल्या रेषेवर. मऊ झालं तर बोनस. तसंच गो-अराउंडचं. टेकायला आलेलं विमान परत वर गेलं की लोक देवाचं नाव घेतात, मागनं फोन निघतात, आणि आमच्यासाठी ते सिम्युलेटरमध्ये दर वेळी घोटून घेतलेलं साधं काम आहे. जो पायलट न लाजता परत वर जातो त्याच्या मागं मी माझ्या आईला बसवेन.

रोजच्या आयुष्याचं पण ऐकून घे. पहाटे अडीच-तीनला गाडी दारात, दिवसाला कधी दोन सेक्टर कधी चार, गणपती-दिवाळीला घरी असशीलच असं नाही. वर्षाला हजार तासांपेक्षा जास्त उडवता येत नाही असा नियम आहे, आठवड्याची सलग विश्रांती २०२५ पासनं ४८ तास झाली, पण झोपेचं घड्याळ मोडतंच. सहा महिन्याला सिम्युलेटरची परीक्षा, दरवर्षी मेडिकल. एवढं असून मी सोडणार नाही. (हिडकल धरणाचं पाणी वरनं काय दिसतं म्हणून विचारू नका, उतरताना दहा हजार फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नसतं, तिथं गाव कुठलं बघायला मिळतंय.)

ज्या कॅप्टनच्या शेजारी बसून मी सगळ्यात जास्त शिकलो त्यांना ड्युटी संपली की विमानाचा विषय काढलेला खपत नाही, घरी शेती आणि म्हशी. तेवढा शांत माणूस मी कॉकपिटमध्ये बघितला नाही. म्हणजे वेड नसलं तरी चालतं. असलं तर पहाटे तीनला उठताना थोडी मदत होते, बस.

निवृत्त_सार्जंट
कॅप्टन साहेबांनी बरोबर लिहिलंय. मी वायुसेनेत ग्राउंड ट्रेडला, म्हणजे जमिनीवरच्या कामाला होतो, ट्रेनिंग इथंच सांबऱ्याला. हा तळ १९४२ सालचा, ब्रिटिशांनी लढाईच्या वेळी बांधलेला, आताचं मोठं टर्मिनल २०१७ चं. लोकांना वाटतं वायुसेनेत गेलं म्हणजे उडायला मिळतं. तसं नाही बाबांनो, इथं एअरमेन तयार होतात, आता अग्निवीरवायू पण, आणि ह्यातले बहुतेक जण जमिनीवर राहून विमान उडायच्या लायक ठेवतात. नोकरीभर विमानाला हात लावला, विमान चालवलं एकदाही नाही, तरी वेड काय कमी झालं नाही. भावाला सांगा, एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरचा रस्ता पण आहे, आणि एअर ट्रॅफिक कंट्रोल पण. आणि हो, एअर फोर्सच्या भिंतीजवळ कॅमेरा घेऊन उभा राहू नको म्हणावं, पोरगेलं वय असलं तरी चौकशी होते.

सीएनसी_संकेश्वर
मी हत्तरगीच्या एअरोस्पेस सेझमध्ये मशीनवर असतो. इथले पार्ट एअरबस आणि बोइंगच्या विमानांना जातात. बापाचे लाखो रुपये घालवल्याशिवाय पण विमानाच्या जवळ राहता येतंय एवढंच सांगायचंय. विमानात मात्र मी अजून बसलो नाही 😄

बाळेकुंद्रीचा_भाऊ
कॅप्टन साहेब, लई आभार. सगळं भावाला वाचून दाखवलं. बटर लँडिंगचं ऐकून तोंड पाडून बसला, कारण त्याच्या फोनमध्ये तसलेच व्हिडिओ भरलेत. नंतर म्हणतोय की तुम्हाला एक विचार: एटीआर उभं असताना उजवं इंजिन चालू पण पंखा बंद, असं त्यानं बघितलंय, ते खरं काय? आणि बाबा विचारूलालेत, पैसे नेमके किती आणि सुरुवात कुठनं करायची.

खानापूर_३२०
खरं आहे. हॉटेल मोड म्हणतात. पंख्याला ब्रेक लावून इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे उभ्या विमानात वीज आणि थंड हवा मिळते, वेगळं छोटं इंजिन शेपटीत बसवायला नको. प्रवासी डाव्या बाजूनं चढतात म्हणून ते उजवं. पोरगं नुसतं बघत नाही, विचार पण करतंय असं दिसतंय, टेक्निकलचा पेपर त्याला जड जाणार नाही. पण डीजीसीएच्या (लायसन देणारं सरकारी विमान खातं) परीक्षेत नॅव्हिगेशन, हवामान आणि नियमांचे पण पेपर आहेत आणि प्रत्येकात ७० टक्के पाहिजेत, रेडिओचं लायसन वेगळं.

पैशाचं बाबांना स्पष्ट सांग. कमर्शियल लायसनला २०० तास उडवावं लागतं, भारतात सगळं धरून अर्धा कोटी किंवा वरच, आणि मग एअरबस किंवा एटीआरचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका विमानाचं खास ट्रेनिंग, वेगळं, ते पण लाखांत. लायसन हातात आलं म्हणजे नोकरी लागली असं नाही. माझ्या ओळखीत दोन-तीन वर्षं घरी बसलेली पोरं आहेत, वर कर्जाचा हप्ता चालू. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला पायलटांची सरकारी अकॅडमी आहे, तिथं प्रवेश परीक्षा असते, तो फॉर्म भरा. सांबऱ्याला पण आता ट्रेनिंगची छोटी विमानं असतात, पण घराजवळ आहे म्हणून लगेच फी भरू नका. आधी जाऊन विचारा की विमानं किती, त्यातली चालू किती, मास्तर किती आणि मागच्या पोरांचे २०० तास किती महिन्यात झाले. फी हप्त्यानं द्या, सगळी एकदम देऊ नका.

ह्या सगळ्याच्या आधी मेडिकल. क्लास टू, मग क्लास वन. डीजीसीएच्या वेबसाइटवर डॉक्टरांची यादी आहे, बेळगावात कोण नसेल तर पुणे किंवा बेंगळूर. चष्मा असला तरी चालतो, रंग ओळखण्यात गडबड असेल तर मात्र तिथंच कळू दे, पैसे भरल्यावर नको. आणि आपल्याकडची नेहमीची भानगड, मार्क्सकार्डवर वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर, आधारवर पूर्ण नाव, पासपोर्टवर तिसरंच. ते आत्ताच एकसारखं करून घ्या, पीयूसीचा निकाल लागला की डीजीसीएच्या परीक्षेला बसायला लागणाऱ्या कॉम्प्युटर नंबरसाठी अर्ज करताना बोर्डाकडनं पडताळणी लागते आणि तिथं नाव जुळलं नाही की फाइल अडकून बसते.