फ्रेंच शाळेत बिगर-फ्रेंच घरची मुलं घ्यावीत का? (कॅनडा)

पेरूची_फोड:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे. मी पुण्यात फ्रेंच शिकवायचे, त्याच पॉइंट्सवर पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळाली आणि आता अल्बर्टातल्या एका छोट्या गावात येऊन पडलोय. मुलगी इथल्या फ्रेंच शाळेत दुसरीला आहे. इमर्शन (इंग्रजी बोर्डाच्या शाळेत फ्रेंचमधून शिकवतात ते) नाही हं, फ्रँकोफोन म्हणजे फ्रेंच भाषकांच्या बोर्डाची शाळा, दोन्ही वेगळं असतं हे कळायलाच मला सहा महिने लागले. यंदा पालक समितीत ओढलं मला आणि पहिल्याच मीटिंगला जुंपली. पट सत्तरच्या आत-बाहेर, दोन-दोन इयत्ता एका वर्गात, बोर्डाचं म्हणणं की ज्यांच्या घरी फ्रेंच नाही अशांनाही घेऊया म्हणजे पट वाढेल आणि पटावर पैसे येतात. जुन्या फ्रेंच घरांतले पालक म्हणतात दोन वर्षांत मैदानावर सगळी इंग्रजीच ऐकू येईल. एक आजोबा उठून म्हणाले, आम्ही आयुष्य घालवलं ते अजून एक इंग्रजी शाळा काढायला नाही! मला काय बोलावं कळेना कारण आमचा स्वतःचा प्रवेशच बोर्डाने खास बाब म्हणून दिलेला. पुढच्या महिन्यात समितीने मत द्यायचंय. काय करू?

ओटावाची_बस:
ताई, आधी कायद्याचं बघा, निम्मी भांडणं तिथूनच होतात. १९८२ च्या चार्टरचं (कॅनडाच्या घटनेतली हक्कांची सनद) कलम २३. क्वेबेकबाहेर फ्रेंच शाळेचा हक्क तीन प्रकारच्या पालकांना: ज्यांची मातृभाषा फ्रेंच आणि अजून समजते, जे स्वतः कॅनडात प्राथमिक शाळा फ्रेंचमधून शिकले, आणि ज्यांचं एखादं मूल कॅनडात फ्रेंचमधून शिकलंय किंवा शिकतंय. तिन्हीला एकच अट, पालक सिटिझन हवा. तुम्ही पीआर, त्यात फ्रेंच पुण्यात शिकलेल्या, म्हणजे आज तुमचा हक्क शून्य. पण उद्या सिटिझन झालात की मुलगी तिथे शिकतेय एवढ्यावर तुम्ही हक्कदार, तिची भावंडंही, आणि पुढे तिची मुलंसुद्धा. (इमर्शनमध्ये घातली असतीत तर हे लागू नाही, ती इंग्रजी बोर्डाचीच शाळा.) म्हणजे बोर्ड आज एक मूल घेतं तेव्हा एक अख्खं घराणं घेत असतं. त्या आजोबांना हे पक्कं माहीत असणार, म्हणून ते उठले.

आणि त्यांच्या मागे इतिहास पण आहे हो. आमच्या ओंटारिओत १९१२ साली रेग्युलेशन १७ आणलं, पहिली दोन वर्षं सोडली तर फ्रेंचमधून शिकवणं बंद. ओटावाच्या गिग शाळेत बायका हॅटच्या पिना परजून दारात उभ्या राहिल्या होत्या, आतल्या दोन शिक्षिका बहिणींना हटवू नये म्हणून. तुमच्या अल्बर्टातल्या एडमंटनचे पालक पार सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा १९९० मध्ये निकाल लागला, नुसती शाळा पुरत नाही, संख्या पुरेशी असेल तर ती चालवायचा अधिकारही फ्रेंच पालकांकडेच हवा. आज जे बोर्ड तुम्हाला मीटिंगला बोलावतंय ते त्या निकालातून आलंय.

वडाची_साल:
मला एक कळत नाही, एवढा जीव कशाला काढायचा? फुकट इमर्शन आहे की सगळीकडे, तिथे घाला, विषय संपला.

हिमगौरी:
@वडाची_साल इमर्शन इंग्रजी घरातल्या मुलांना फ्रेंच यावं म्हणून असतं. ह्या शाळा त्या समाजाची भाषा उद्या जिवंत राहावी म्हणून आहेत, तिथे ऑफिसातल्या बाई, शिपाई, स्नेहसंमेलन, पालकांना जाणारी चिठ्ठी सगळं फ्रेंचमध्ये. सीमाभागातल्या मराठी शाळा आठवा म्हणजे लगेच कळेल.

@पेरूची_फोड मी ब्रिटिश कोलंबियात फ्रेंच शाळेत बालवर्गाला शिकवते, नववं वर्ष. खरं सांगू का, ज्यांना 'आपली' मुलं म्हणतात त्यांच्यातलीच कितीतरी घरी इंग्रजी बोलतात. आई फ्रेंच, बाप इंग्रजी, जेवणाच्या टेबलावर कोण जिंकतं सांगायला नको. कागदावर पक्के हक्कदार, सप्टेंबरमध्ये माझ्यासमोर बसतात तेव्हा बॉंजूरच्या पुढे गाडी जात नाही. त्याउलट कॅमेरून, मोरोक्को, काँगोतून आलेली मुलं वर्गाची फ्रेंच सांभाळतात आणि कलम २३ च्या हिशेबात ती 'बाहेरची'! तेव्हा मीटिंगमध्ये आत कोण बाहेर कोण ह्यावर वाद घालण्यापेक्षा विचारा की आलेल्या मुलाला फ्रेंचवर कोण आणणार. फ्रान्सिझासिओं म्हणतात त्याला, लहान गट करून वेगळी शिक्षिका, निदान पहिली दोन वर्षं. ती नसेल तर वर्गात पाच नवी मुलं आली की सगळा वर्ग इंग्रजीकडे झुकतो, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि शिक्षिका मिळणं हेच मुळात कठीण, आमच्याकडे मध्ये एका वर्गाने वर्षात तीन बाई बघितल्या. शाळेच्याच इमारतीत फ्रेंच पाळणाघर काढता आलं तर सोन्याहून पिवळं, तीन वर्षांचं मूल सहा महिन्यांत बोलायला लागतं.

इमारतीचं पण सांगते. व्हँकुव्हरच्या रोज-दे-व्हाँ शाळेची केस वाचा, २०१५. वर्ग एवढे एवढे, लायब्ररी चिमुकली, संडास अपुरे, बसचा प्रवास लांब, आणि शेजारच्या इंग्रजी शाळा झकपक. कोर्ट म्हणालं तुलना त्या शेजारच्या शाळांशीच करायची, कारण पालक त्याच बघून मुलं काढून नेतात. २०२० मध्ये तर सुप्रीम कोर्टाचा असा निकाल आला की प्रांतात कुठेही तेवढ्याच पटाची इंग्रजी शाळा चालत असेल तर तुमचीही चालायला हवी. त्यामुळे 'पट कमी म्हणून काही मिळणार नाही' असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका, सत्तर मुलांच्या इंग्रजी शाळा अल्बर्टाच्या खेड्यांत शोधायला लावा.

ओटावाची_बस:
+१. अजून एक, बोर्डाला वाटेल त्याला घ्यायचा अधिकार आपोआप नसतो, तो प्रांताने दिलेला असावा लागतो. युकॉन ह्या उत्तरेकडच्या प्रदेशाच्या केसमध्ये २०१५ ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. मग २०२३ मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की शिक्षणमंत्री हक्कदार नसलेल्या मुलांना नाही म्हणत असेल तर त्या समाजाच्या टिकण्या-वाढण्याचा विचार करूनच म्हणावं. आमच्याकडे प्रवेश समिती असते, मुख्याध्यापक, एक शिक्षक आणि बोर्डाचा अधिकारी, एकेका घराशी बोलून ठरवतात. सरसकट हो किंवा सरसकट नाही असं मत देऊच नका.

पेरूची_फोड:
बापरे, पुढच्या पिढीचं हे डोक्यातच आलं नव्हतं. काल आजोबांना पार्किंगमध्ये गाठलं आणि फ्रान्सिझासिओंच्या शिक्षिकेचं विचारलं, तर म्हणाले होती एक, तीन वर्षांपूर्वी सोडून गेली, मग जागा भरलीच नाही. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, तू शिकवायचीस ना? आता घरी नवऱ्याला सांगायचंय की मी समितीत मत द्यायला गेले आणि बहुतेक नोकरी घेऊन येणार. इथलं टीचिंग सर्टिफिकेट भारतातल्या बीएडवर कसं मिळवायचं, कोणी केलंय का?