रानडुकरांनी भात, सुरण सगळं उकरलंय, मुंबईत राहून काय करता येईल?

भांडुपकर_संगमेश्वर:
नमस्कार मंडळी. गाव संगमेश्वर तालुक्यात. मी भांडुपला, भाऊ विरारला, दोघंही नोकरीवाले, गावी फक्त आईबाबा. बाबा सत्तरीच्या पुढे गेलेत तरी अजून भात लावतात, परसात सुरण, चार नारळी-पोफळी, वरकसात म्हणजे डोंगरउतारावरच्या जमिनीत काजू. डुकरं आधीही यायची पण आता दर रात्री येतात. या वेळी भात पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना कळप घुसला, खाल्लं त्यापेक्षा लोळून तुडवलंच जास्त, आणि सुरणाच्या जागेवर तर नांगर फिरवल्यासारखी माती वर आलीय. दिवसा माकडं, कोवळे नारळ काढून नुसते खाली टाकतात. परवा आई फोनवर म्हणाली पुढच्या वर्षी भात नकोच लावूया, हल्ली राखणीला रात्री बसवत नाही. बाबा काहीच बोलले नाहीत आणि ते मला जास्त लागलं.

शेजारचे सांगतात घरच्या लाईनचा करंट जोडलेली तार सोड, बाबा त्याला तयार नाहीत. कोणी सांगतं झटका मशीन बसव, कोणी सांगतं वनखात्याकडून डुक्कर मारायची परवानगी मिळते. जमीन सगळी मिळून दीड एकर, ती पण चार तुकड्यांत. भरपाई खरंच मिळते का आणि मशीनवर पैसे घालावे का, अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

दापोलीची_मेघा:
बाबा बरोबर आहेत, लाईनची तार अजिबात नको, शेजारी कितीही म्हणू देत. आमच्या बाजूच्या गावात रात्री खेकडे पकडायला गेलेला मुलगा अशाच तारेला चिकटून गेला, ज्याने तार सोडली तो आत गेला, दोन्ही घरं बसली. तो करंट सलग असतो, लागलेला माणूस सुटत नाही.

झटका मशीन वेगळं. सोलर पॅनल, बॅटरी आणि मशीन, त्यातून साधारण सेकंदाला एक झटका तारेत जातो, व्होल्टेज खूप पण क्षणभरच, त्यामुळे जनावर दचकून मागे जातं, मरत नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर आणि त्याच्यावर दीड फुटाला दुसरी, कारण डुक्कर नाक खाली घालून ढुसणी मारत येतं, तार नाकाला लागली तरच त्याला कळतं, अंगावरच्या राठ केसांना फार जाणवत नाही. उंचावर चार तारा मारून खालची सोडली तर उपयोग शून्य.

आता खरी गोष्ट. पावसात गवत वाढून तारेला टेकलं की झटका गवतातून जमिनीत जातो आणि कुंपण मेलं म्हणून समजा. म्हणजे जून ते ऑक्टोबर, जेव्हा भात उभं असतं नेमकं तेव्हाच, दर आठ-दहा दिवसांनी तारेखालचं गवत कापायला माणूस पाहिजे. तुमच्याकडे तो कोण आहे ते आधी ठरवा आणि मग मशीन घ्या. अर्थिंगचा रॉड ओल्या जागेत खोल ठोकायचा, कातळावर अर्थिंग मिळतच नाही. आणि माकडांना याचा उपयोग नाही, ती झाडावरून येतात.

जुन्या साड्या बांधणं, सलूनमधले केस टाकणं, दिवे लावणं हे सगळं आम्ही बघितलंय, थोडे दिवस चालतं. डुकराला दिसतं कमी पण नाक आणि कान फार तेज, नवीन वास आला की बिचकतं, त्या वासाने काही होत नाही हे कळलं की निवांत येतं.

वकील_नाही_पण:
परवानगीबद्दल लिहितो कारण याच्यात लोक अडकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्कर संरक्षित आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराची शिकार करायची लेखी परवानगी अधिकृत वन अधिकारी देऊ शकतो, तशी तरतूद कलम ११ मध्ये आहे, पण परवानगी हातात येण्याआधी मारलं तर गुन्हा. कोकणात खूप घरांत शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे आणि लोकांना वाटतं तो परवाना म्हणजेच डुक्कर मारायचा परवाना. तसं नाही, तो फक्त हत्यार बाळगायचा परवाना.

गावठी बॉम्ब कणकेत घालून ठेवतात तेही करू नका, गुरं आणि कुत्री मरतात. फोरेट या जहाल कीटकनाशकाच्या पुरचुंड्या बांधणारे पण आहेत, त्या औषधावर २०२० च्या अखेरपासून बंदी आहे आणि ते विहिरीच्या पाण्यात उतरतं.

भरपाई मिळते. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज गेला पाहिजे, मग पंचनामा. मुंबईकरांचं इथेच चुकतं, शनिवारी जाऊन बघू म्हणतात आणि मुदत निघून जाते. बाबांना सांगा सकाळी बघितल्या बघितल्या फोटो काढून तुम्हाला पाठवायचे, पावलांचे ठसे आले पाहिजेत, अर्ज तुम्ही इथून ऑनलाईन टाका. पंचनामा होईपर्यंत जागा साफ करायची नाही. पीक विम्याचं पण बघून ठेवा, रानटी जनावरांनी केलेलं नुकसान २०२६ च्या खरिपापासून विम्यात धरणार असं केंद्राने जाहीर केलंय, त्यात कळवायची मुदत ७२ तास आणि कुठली जनावरं धरायची ते राज्य ठरवणार.

गडग्यापलीकडे:
वरचं सगळं बरोबर आहे पण मला एक विचारायचंय. तुमच्या दीड एकराच्या आजूबाजूला काय आहे? मी सांगतो, रान आहे. आणि ते जंगल नाही, ती तुमच्या-माझ्यासारख्या मुंबईकरांची पडीक जमीन आहे.

आमच्या वाडीत आजोबांच्या वेळी वरकसात नाचणी, वरी व्हायची, डोंगराच्या अर्ध्यापर्यंत माणसांचा वावर, रात्री माळ्यावर राखण, एकाने डबा वाजवला की पलीकडचा ओरडायचा. मग एकेक घर गिरणीत, पोर्टात, मग कंपनीत गेलं, नाचणी बंद झाली, त्या जागेत घाणेरी आणि रानमोडी माजली. डुकराला दिवसा लपायला दाट झुडूप लागतं, लोळायला ओल लागते आणि रात्री जवळ खाणं लागतं. तिन्ही गोष्टी आपण त्याला घराच्या मागे करून दिल्यात. मादी एका वेताला चार-सहा पिल्लं सहज देते, खायला भरपूर असेल तर जास्त. मग दहा घरांतलं एकच घर शेती करतं आणि सगळा कळप त्या एका घरावर. तुमचे आईबाबा ते एक घर आहेत.

म्हणून एकट्याने कुंपण घालून भागत नाही. गावकरी मंडळाची मीटिंग मुंबईत होते ना तुमची? आमची परळला व्हायची, आता डोंबिवलीला होते कारण माणसं तिकडे गेली. तिथे गणपतीची वर्गणी, देवळाचा रंग, सभामंडप सगळ्यावर तासन् तास चर्चा होते, पडीक जमिनीच्या बेणणीचा, म्हणजे झाडझुडूप कापून साफ करायचा विषय कोणी काढत नाही. आम्ही तो विषय लावून धरला. शेतीच्या कडेने वीस-पंचवीस पावलांचा पट्टा, जमीन कोणाची का असेना, दसऱ्यापर्यंत मोकळा करायचा, खर्च मंडळाचा. डुक्कर उघड्यावरून यायला कचरतं. आणि झटक्याची तार चार तुकड्यांना वेगवेगळी घालण्यापेक्षा सगळ्या मळ्याला मिळून एकच, गवत कापायला गावातला एक माणूस पगारावर. कळप आमच्याकडे अजून येतो, पण भात घरात येतंय, आणि बंद केलेल्या दोन घरांनी परत भात लावलंय. याचा मला किती आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही.

ठाणेकर_नील:
पटलं. माझा चुलतभाऊ कॅनडात शेतीवाल्या भागात राहतो, तिकडे बीव्हर नावाच्या पाण्याकाठच्या प्राण्याचा असाच त्रास, दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालतात आणि पाणी शेतात, रस्त्यावर पसरतं. बांध फोडला तर रात्रीत परत घालतात कारण वाहत्या पाण्याचा आवाज आला की ते कामाला लागतात. पकडून नेले तरी जागा चांगली असली की दुसरे येतात, दोनेक वर्षांची पिल्लं घर सोडून नवीन जागा शोधतच असतात. म्हणून बरेच जण बांधातून मोठा पाईप घालतात, वरच्या अंगाचं तोंड खोल पाण्यात जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे पाणी हळूच निघून जातं आणि बीव्हरला गळती सापडत नाही. झाडांना खाली जाळी गुंडाळतात. जनावर तिथेच राहतं, पण शेत वाचतं. माकडं पकडून दुसरीकडे सोडा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, रिकामी जागा रिकामी राहत नाही.

भांडुपकर_संगमेश्वर:
सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना वाचून दाखवलं. पट्ट्याची कल्पना त्यांना लगेच पटली, म्हणाले पूर्वी वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण घालताना असंच करायचे. पण अडचण अशी की बाजूच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, अर्धे लोक कुठे असतात तेच माहीत नाही, संमती कोणाची घेऊ?

गडग्यापलीकडे:
झुडूप काढल्याने मालकी बदलत नाही, हे आधी त्यांच्यातल्या जे सापडतील त्यांना सांगा, आपली जमीन कोणी घशात घालेल हीच भीती असते. मंडळाच्या लेटरहेडवर एक पत्र करा की फक्त बेणणी होईल, मोठं झाड तोडणार नाही, हद्दीचा दगडी गडगा हलवणार नाही, आणि सापडतील तेवढ्यांच्या सह्या घ्या. आमच्याकडे ज्यांनी सही दिली नाही त्यांची जागा सोडून पट्टा वळवला, पुढच्या वर्षी त्यांचाच फोन आला. आणि काही झालं तरी पेटवायचं नाही, वणवा काजूत शिरला तर पंचवीस वर्षांची झाडं जातात. ग्रासकटरवाला गावचाच बघा, पैसे तासावर ठरवा, गुंठ्यावर ठरवलं तर घाणेरीची मुळं तशीच ठेवून वरवर कापून जातात.