स्टेडियमला कुलूप, बार फुल्ल : सोमवार सकाळचा सोसायटी ग्रुप

१९ ऑक्टोबर २०२०

संभादादा (बी-३०२), ६:५२ : काल रात्री कोण कोण झोपलं ते सांगा. आयपीएलमधल्या मुंबई-पंजाबच्या दोन सुपर ओव्हर दुबईत झाल्या आणि दंगा आमच्या बेडरूममध्ये. शेजारचा परमिट रूम बारा वाजून गेले तरी चालूच. काचेतून सगळं दिसत होतं. एका टेबलाला सात जण, एकाच्याही तोंडाला मास्क नाही, दारं बंद, एसी चालू. आणि पडद्यावर काय, तर रिकामं स्टेडियम. प्रेक्षकांचा आवाजसुद्धा रेकॉर्ड केलेला!

माने काकी (ए-१०२) : गेटसमोरच्या गाड्यांचं आधी बघा. ह्यांचं औषध आणायला मी अकराला खाली उतरलो, तर ॲक्टिव्हा बाहेर काढायला जागा नाही.

ओंकार (सी-४०१) : मॅच कसली झाली पण 🔥 नाद खुळा!

देसाई सर, सचिव : सर्व सभासदांना नम्र विनंती, हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

संभादादा : सर, हे सोसायटीचंच काम हाय. ५ तारखेला बार उघडले, ५० टक्के माणसं बसवायची म्हणून. ते ५० टक्के मोजतंय कोण? आणि तिकडं आपल्या कोल्हापूरच्या शाहू फुटबॉल स्टेडियमला मार्चपासून कुलूप. उघडी गॅलरी, वर आभाळ, दोन तासांत मॅच संपवून माणूस घरी. तिथं कोरोना होतो आणि हितं एसीत बसून होत नाही?

पोवार काका (ए-३०१) : संभा, तुझा राग बारवर आहे का माझ्या मेव्हण्यावर, ते एकदा स्पष्ट बोल. सहा महिने शटर बंद होतं त्याचं. लायसन फी चुकली नाही, लाईट बिल चुकलं नाही. वेटर पोरं गावाकडं गेलेली, आत्ता कुठं परत आलीत.

संभादादा : काका, मेव्हण्याचं नाव मी घेतलं नाही. तुम्हीच घेतलं. कुणाच्या पोटावर पाय द्या असं मी म्हणत नाही.

पोवार काका : बरं.

शेखभाई (ए-१०४) : पोटाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझा भाऊ स्टेडियमच्या दारात शेंगा-चिरमुरे विकायचा. फुटबॉलचा सीझन म्हणजे त्याचं वर्षाचं गणित. मार्चमध्ये मॅचेस थांबल्या तशी गाडी घरापुढं उभी आहे, चाकात हवा पण राहिली नाही. आता कोथिंबिरीच्या पेंड्या घेऊन दारोदार फिरतो. त्याच्यासाठी कुणी ५० टक्के काढले नाहीत.

शिंदे मावशी (बी-१०१) : आणि अंबाबाईचं काय? आज नवरात्राची तिसरी माळ आणि बाहेरूनच हात जोडून यायचं. राज्यपालांनी पण पत्र लिहिलंय की देवळांसाठी.

देसाई सर, सचिव : मावशी, राजकारण नको प्लीज.

शिंदे मावशी : देवीचं नाव घेतलं तर राजकारण? रोज तुमचे सुप्रभात वाचतो की आम्ही गुमान.

माने काकी : गेटसमोरच्या गाड्यांचं काय ठरलं?

कुलकर्णी काका (सी-२०२) : आमची मुलगी लीड्सला असते. तिथंही हीच गत. इंग्लंडमध्ये ४ जुलैला पब उघडले. स्टेडियमची मात्र परीक्षा घेतली. २९ ऑगस्टला ब्रायटनमध्ये चेल्सीबरोबर फुटबॉलचा मैत्रीचा सामना ठेवून २५०० लोक आत सोडून पाहिले. १ ऑक्टोबरपासून थोडे थोडे प्रेक्षक घेणार होते, पण सप्टेंबरमध्ये रुग्ण वाढले आणि तो बेत रद्द. पब बहुतेक ठिकाणी रात्री १० पर्यंत चालू. मुलगी म्हणते, ज्यांना मैदानात सोडलं नाही तेच लोक पबमध्ये जाऊन तीच मॅच टीव्हीवर बघतात.

ओंकार : म्हणजे ग्लास हातात असला की कोरोना जवळ येत नाही 😂

पोवार काका : ओंकार, वडिलांना दाखवू का हा मेसेज?

ओंकार : सॉरी काका 🙏

शिंदे मावशी : *फॉरवर्डेड :* गुळवेल, सुंठ, मिरी, तुळस...

देसाई सर, सचिव : मावशी, काढ्याचा मेसेज आज तिसऱ्यांदा आला.

डॉ. वैशाली (बी-४०२) : नाईट करून आत्ता घरी आले, म्हणून उशिरा लिहितेय. संभादादांचा मुद्दा बरोबर आहे. बंद खोली, एसी, उघडं तोंड, मोठ्यानं बोलणं आणि तासन् तास एकाच जागी बसणं, हे सगळं बारमध्ये एकत्र येतं. मोकळ्या हवेत धोका बराच कमी होतो. पण स्टेडियम म्हणजे फक्त गॅलरी नव्हे. दारातली रेटारेटी, एका गाडीवर तिघं, गोल झाला की मिठ्या. फेब्रुवारीत इटलीत मिलानला अटलांटा-व्हॅलेन्सिया फुटबॉल सामना झाला. अटलांटा ही बेर्गामो शहराची टीम. बेर्गामोची माणसं हजारोंनी मिलानला गेली. मैदानात ४० हजारांच्या वर लोक होते. पुढं कोरोनानं बेर्गामोचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. आपल्याकडं सप्टेंबरमध्ये लोक एका बेडसाठी कसे फिरत होते, ते मी रोज बघत होते.

संभादादा : मॅडम, तुमच्यापुढं मी काय बोलणार. पण ती मॅच झाली तेव्हा कुणाला काही माहीतच नव्हतं. ना मास्क, ना अंतर. मी कुठं म्हणतोय गॅलरी भरा? आधी नुसत्या मॅचेस सुरू करा, प्रेक्षक नकोत. मग एक पायरी सोडून चुन्याचे गोल मारा आणि थोडी माणसं घ्या. पास तालमीनं, म्हणजे ज्याची टीम त्या मंडळानं, नावानिशी द्यायचा. प्रत्येक तालमीला वेगळं दार, वेगळी वेळ. हलगी नाही, शिट्टी नाही. तालमीतला वडीलधारा पोरांना नावानं ओळखतो. बारमध्ये कोण कुणाला ओळखतंय? गेल्या वर्षी पुरात माणसं बाहेर काढायला तालमीचीच पोरं पाण्यात उतरली होती, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवलाच की आपण.

कुलकर्णी काका : पीटीएमची, म्हणजे पाटाकडील तालमीची मॅच आणि पोरं एक पायरी सोडून बसणार?

ओंकार : प्रॅक्टिस क्लबवाले बसतील. पीटीएमचं सांगता येत नाही.

संभादादा : ए, तुझं वय किती, बोलतोस किती! पीटीएमचं नाव घेताना जरा जपून.

ओंकार : दादा तुम्हीच म्हणालात ना वडीलधारे सांभाळतात 😄

माने काकी : गेटसमोरच्या गाड्या!!! रात्री ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर ती आत येणार कुठून? ह्यांना जुलैमध्ये नेलं तेव्हा कसं नेलं ते विसरलात का सगळे?

देसाई सर, सचिव : काकी, विसरलो नाही.

पोवार काका : वहिनी, गाड्यांचं मी मेव्हण्याला आजच सांगतो. गेटसमोर माणूस उभा करायला लावतो. आणि बंद करायची वेळ पाळायलाही सांगतो. पण सरकारनं परवानगी दिलीय तर त्यानं धंदा का करू नये, ते मला अजून कुणी सांगितलं नाही.

संभादादा : करू दे की काका. माझं भांडण परवानगी देणाऱ्याशी आहे. दारूचा कर तिजोरीत जातो, म्हणून तिचा नंबर पहिला. आमच्या मैदानातून तिजोरीत काय जाणार? सतरा-अठरा वर्षांच्या पोराचं एक वर्ष बसून गेलं की गेलं, ते परत येत नाही. अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, तो ह्याच कोल्हापूरचा. आत्ता त्या वयाची पोरं आमच्या गल्लीत संध्याकाळी मोबाईल घेऊन कट्ट्यावर बसलेली असतात.

डॉ. वैशाली : दादा, प्रेक्षकांशिवाय मॅचेस सुरू करा असा अर्ज असेल तर मी सही करते. प्रेक्षकांचं दिवाळीनंतरचे आकडे बघून. आणि एसीचे बार आधी उघडायला नको होते, हे माझं नाव घालून लिहा.

पोवार काका : मी सही करणार नाही.

संभादादा : नका करू काका. चहाला तरी या.

देसाई सर, सचिव : गाड्या आणि आवाजाबद्दल सोसायटीचं पत्र परमिट रूमला आजच जाईल. स्टेडियमचा अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर देता येणार नाही, ज्यानं त्यानं वैयक्तिक सही करावी.

शेखभाई : पहिली सही माझी घ्या. भावाला पण घेऊन येतो.

संभादादा : अर्ज कलेक्टर साहेबांच्या नावे लिहिलाय. सहाला पार्किंगमध्ये थांबतो. मास्क लावून एकेकानं या, पेन आपापला आणा.