सामुराई सिनेमा: जगाने तलवारबाजी उचलली, जाब मात्र तिथेच राहिला

डोंगरवाट

रविवारी जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) पुन्हा पाहिला. २०७ मिनिटं, एकदाही उठावंसं वाटलं नाही. मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं, तर दोघातिघांचं एकच उत्तर: "म्हणजे आपल्या 'शोले'चा आजोबा ना?" नातं आहे, नाकारत नाही. हीच गोष्ट घेऊन १९६० मध्ये हॉलिवूडने 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला, आणि गावाच्या राखणीला भाडोत्री लढवय्ये आणायचे हा साचा १९७५ मध्ये रामगढला येऊन पोचला. पण या सिनेमाची ओळख दरवेळी त्याच्या नातवंडांवरून का करून द्यायची?

माझं मत सरळ सांगतो. जगाने सामुराईपटांकडून, म्हणजे जुन्या जपानमधल्या तलवारधारी योद्ध्यांच्या सिनेमांकडून, मांडणी घेतली, मारामारी घेतली, एकटा भटकणारा तलवारबहाद्दर घेतला. त्यांत सामुराईलाच विचारलेला जाब कुणी घेतला नाही. या सिनेमांचा जीव त्या जाबात आहे.

भाताचा प्रसंग आठवा. दरोडेखोरांनी नाडलेले शेतकरी सामुराई शोधायला निघालेत. मोबदला द्यायला त्यांच्याकडे फक्त भात आहे, तोही फक्त सामुराईंसाठी. स्वतः भरड धान्य खाऊन दिवस काढतायत. सामुराईंचा पुढे म्होरक्या होणारा कांबेई नाही म्हणतो. तेव्हा धर्मशाळेतला एक हमाल भाताचा वाडगा त्याच्यासमोर धरून ओरडतो, की हे लोक काय खातात आणि तुम्हाला काय वाढतात ते बघा. कांबेई वाडगा हातात घेतो आणि म्हणतो, हा भात मी वाया जाऊ देणार नाही. बस, तिथे लढाई ठरते. याच धर्मशाळेत त्यांचा तांदूळ चोरीला जातो, तेव्हा योहेई नावाचा शेतकरी जमिनीवर सांडलेले दाणे एकेक करून वेचतो. कॅमेरा त्याला घाई करत नाही. नंतर नकला करणाऱ्यांनी भाड्याचे लढवय्ये ठेवले, ते दाणे वगळले.

आणि सातांतला किकुचियो! शेतकऱ्यांनी पळत्या सामुराईंना मारून लपवलेली चिलखतं सापडतात, बाकीचे सामुराई संतापतात, आणि किकुचियो झालेला तोशिरो मिफुने उसळतो. शेतकरी लबाड, चिक्कू, खोटारडे आहेतच. पण त्यांना असं केलं कुणी? तुम्हीच. गावं जाळलीत, धान्य लुटलंत, बायका नेल्यात. सामुराईपटाच्या ऐन मध्यावर सामुराईवर असा घाव घातलाय.

शेवटी सातांपैकी चौघे मरतात, चौघेही बंदुकीच्या गोळीने. एकालाही तलवारीने मरण येत नाही.

निशिगंध

असहमत, आणि कारणं देते.

एक तर हा जाब संवादात आहे, चित्रात नाही. चित्रात सामुराई देखणाच आहे. सातांतला क्यूझो घ्या. अबोल, एका वारात माणूस पाडणारा, एकटा रानात जाऊन बंदूक हिसकावून आणणारा आणि आल्यावर शांतपणे झोपणारा. प्रेक्षक त्याच्या प्रेमात पडतो, आणि दिग्दर्शकाला तेच हवंय. मग जगाने तलवारबहाद्दर तेवढा उचलला, यात जगाचा काय दोष? दुकानाच्या दर्शनी तोच मांडला होता.

दुसरं, प्रभावाची गोष्ट आपण एकतर्फी सांगतो. कुरोसावांना वेस्टर्नपट करणाऱ्या अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्डबद्दल किती आदर होता ते जगजाहीर आहे. 'थ्रोन ऑफ ब्लड' (१९५७) हा शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' आहे. 'योजिंबो'च्या (१९६१) मागे अमेरिकन गुन्हेकथा आहेत. अमेरिकेकडून घेतलेलं अमेरिकेला परत गेलं, एवढंच.

तिसरा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. युद्धकाळात जपानी सरकारला सामुराईनिष्ठा हवीच होती. धन्याचा सूड घेणाऱ्या ४७ रोनिनांची (धनी नसलेल्या सामुराईंची) गोष्ट मिझोगुचींसारख्या थोर दिग्दर्शकाने १९४१-४२ मध्ये दोन भागांत केली ती त्याच वातावरणात. युद्धानंतर अमेरिकन अंमलात सूडाच्या, सरंजामी निष्ठेच्या कथांवर बंदी आली. मला सेन्सॉर पटत नाही, पण त्या भीतीला आधार होता. या परंपरेकडे पाहताना नुसतं भारावून जाणं मला जमत नाही.

जुना प्रोजेक्टर

मी दोघांशीही भांडणार आहे.

डोंगरवाट, तुम्ही तंत्राला उष्टं खरकटं असल्यासारखं बाजूला सारताय. पावसातली शेवटची लढाई आठवा. कुरोसावांनी एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले, लांब पल्ल्याची लेन्स वापरली, त्यामुळे घोडे, माणसं आणि चिखल एकमेकांवर चेपल्यासारखे दिसतात. कोण कुठे पडला ते कळत नाही. लढाई जवळून अशीच दिसत असणार. ही मांडणी हाच विचार आहे. किंवा सुरुवातीला पोराला ओलीस धरलेला चोर बघा. कांबेई भिक्षूचं सोंग घ्यायला डोकं भादरून घेतो, आत शिरतो. मग चोर बाहेर येतो आणि आवाज थांबून अगदी सावकाश कोसळतो. अमेरिकेत दिग्दर्शक सॅम पेकिनपाने संथगतीतल्या मृत्यूवर पुढे अख्खा 'द वाइल्ड बंच' (१९६९) उभा केला, त्याची मुळं इथे आहेत.

निशिगंध, देवाणघेवाण होती हे अगदी मान्य. पण 'परत गेलं, एवढंच' हे फार झालं. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने १९६४ मध्ये 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' हा 'योजिंबो'वरून न विचारता केला, 'योजिंबो'च्या तोहो कंपनीने दावा लावला आणि तडजोडीत कमाईतला वाटा घेतला. फोर्डकडून शिकणं वेगळं आणि हे वेगळं. कुरोसावांच्याच 'द हिडन फोर्ट्रेस'चं (१९५८) उदाहरण त्याहून छान आहे. मोठी गोष्ट सर्वात खालच्या दोन माणसांच्या, ताहेई आणि माताशिचीच्या नजरेतून सांगायची, हे जॉर्ज लुकासने उघडपणे मान्य करून घेतलं, आणि १९७७ मध्ये त्याच्या 'स्टार वॉर्स'मध्ये त्या जागी दोन रोबो आले.

पण लुकासकडे आल्यावर एक गेलंच, तेही सांगतो. ताहेई आणि माताशिची हावरट, भेकड, भुकेले शेतकरी होते. रोबोंना भूक नसते. एवढ्यापुरते डोंगरवाट बरोबर आहेत.

डोंगरवाट

प्रोजेक्टर, रोबोंचं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तंत्राबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य.

निशिगंध, तिसऱ्या मुद्द्याला उत्तर द्यायचं तर कुरोसावा सोडून दिग्दर्शक मासाकी कोबायाशीकडे यावं लागेल. हा माणूस युद्धात मंचुरियात सैनिक होता आणि बढती नाकारून साधा शिपाईच राहिला. त्याने १९६२ मध्ये 'हाराकिरी' केला.

काळ १६३०. देशात शांतता, घराणी बरखास्त झालेली, हजारो सामुराई बेकार. मोतोमे नावाचा तरुण एका बड्या घराण्याच्या दारात येतो आणि म्हणतो, तुमच्या अंगणात पोट चिरून घेण्याची परवानगी द्या. मनात आशा अशी की चार पैसे हातावर टेकवून परत पाठवतील. बायको-मूल आजारी, त्यांच्यासाठी त्याने तलवारीचं पातं विकलंय. म्यानात बांबू आहे. वाड्यावरच्यांना ते कळतं, आणि ते त्याला त्याच बांबूने मरायला लावतात. बांबू पोटात शिरत नाही. तो अंगाचा भार टाकून पुन्हा पुन्हा रेटत राहतो आणि भोवती सगळे शिस्तीत बसून पाहतात.

घराण्याच्या पूर्वजांचं चिलखत आपल्याला सुरुवातीलाच दाखवलंय. शेवटी मोतोमेचा सासरा (ही भूमिका तात्सुया नाकादाईची) तेच उचलून आपटतो. आणि मग ते पुन्हा नीट जोडून जागेवर बसवलं जातं, रक्त धुतलं जातं, मेलेल्यांची नोंद आजाराने मृत्यू अशी होते. हे चित्रात आहे, संवादात नाही. युद्धकाळातल्या निष्ठेच्या पोथीला इतकं सडेतोड उत्तर त्याच परंपरेतून आलं, म्हणून ती परंपरा मला मोठी वाटते.

अबोली

बायकांबद्दल अजून कुणीच बोललं नाही.

'सेव्हन सामुराई'मध्ये मांझो नावाचा शेतकरी आपल्या पोरीचे केस कापतो. दरोडेखोरांसाठी नाही, येणाऱ्या सामुराईंच्या भीतीने. रिकिची या शेतकऱ्याच्या बायकोला दरोडेखोरांनी नेलंय. सामुराई अड्ड्याला आग लावतात, ती बाहेर येते, समोर नवरा दिसतो, आणि ती वळून आगीत शिरते. एक शब्द नाही. पण सिनेमा लगेच पुढे जातो, आणि मला ते टोचतं.

कोबायाशींच्याच 'सामुराई रिबेलियन'मध्ये (१९६७) इचीला सरदाराने आधी वाड्यावर ठेवून घेतलं, मूल झालं, मग एका सामुराईच्या घरात सून म्हणून ढकललं. तिथे संसार फुलला, तर परत बोलावणं. सासऱ्याचं आणि नवऱ्याचं बंड तिच्यासाठी होतं, पण बंडाच्या वाटेवर सर्वात आधी 'नाही' तिने म्हटलेलं असतं. जगाने काय उचललं याची यादी करताय, तर इचीला कुणी उचललं तेही सांगा.

निशिगंध

'हाराकिरी' पाहिलेला नाही. या शनिवारी पाहते आणि इथेच लिहिते. बांबूचं वाचून हात थांबला होता, हे खरं सांगते.

क्यूझोबद्दलचं मत मात्र कायम आहे. तो गोळी लागून चिखलात पडतो तेव्हा मरतामरता तलवार दरोडेखोराच्या दिशेने फेकतो. त्या क्षणीही तो मला देखणाच दिसतो, आणि मला तेच खटकतं. डोंगरवाट, अबोलीने विचारलंय त्याचं उत्तर आधी द्या.